म्युनिकमधले रविवार

२०२२ च्या नोव्हेंबरात मी नोकरीसाठी म्युनिकला आले. पहिला शनिवार सामान लावण्यात गेला. रविवारी सकाळी पिशवी घेऊन भाजी आणि दूध आणायला खाली उतरले, तर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. कोपऱ्यावरचं सुपरमार्केट बंद, त्यापुढचं बंद, कपड्यांची, भांड्यांची, सगळी दुकानं बंद. मला वाटलं कसला तरी सण असेल. घरी येऊन शोधलं तेव्हा कळलं, की इथे प्रत्येक रविवार असाच असतो. मुख्य रेल्वे स्टेशन आणि विमानतळावरची काही दुकानं मात्र उघडी असतात. त्या दिवशी आईने बांधून दिलेलं मेतकूट आणि भात यावर भागलं.

मी सांगलीची. आमच्याकडे रविवार म्हणजे सकाळी मटणाच्या दुकानापुढची रांग, दुपारी कुणीतरी पाहुणे, संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर एक फेरी आणि येताना भेळ. घरात बसून रविवार काढायचा असतो हे मला माहीतच नव्हतं. त्यात नोव्हेंबर-डिसेंबरात इथे पाचच्या आत सूर्य मावळतो. जेवून जरा आडवं व्हावं, उठावं तर बाहेर काळोख. मग दिवे लावायचे आणि घरी फोन लावायचा. पहिले पाच-सहा रविवार मी असेच काढले. एकदा दुपारी भिंतीला फळी बसवायला ड्रिल काढलं, तर शेजारच्या आजींनी दार वाजवलं आणि अगदी शांतपणे सांगितलं, की रविवारी आवाज करायचा नसतो. काचेच्या बाटल्यासुद्धा रस्त्यावरच्या मोठ्या पेट्यांत रविवारी टाकत नाहीत, कारण खळकन आवाज होतो.

तेव्हा मला याचा राग आला होता, पण नंतर यामागचं कारण वाचलं. जर्मनीत रविवारला थेट राज्यघटनेचं संरक्षण आहे. १९१९ च्या वायमार राज्यघटनेतलं ते कलम पुढच्या घटनेने जसंच्या तसं स्वीकारलं. रविवार कामातून विसाव्याचा आणि मनाच्या उन्नतीचा, अशा अर्थाचे शब्द त्यात आहेत. दुकानातल्या गल्ल्यावर बसणाऱ्या बाईलाही रविवार मिळाला पाहिजे, हे कुणीतरी घटनेत लिहून ठेवावं ही गोष्ट मला मनापासून आवडली. माझी मावशी सांगलीत कापडाच्या दुकानात कामाला होती. दिवाळीच्या आधीचा महिनाभर तिला एकही सुट्टी नसायची.

पण आवडणं वेगळं आणि त्या रविवारचं करायचं काय हे वेगळं. सोमवारी ऑफिसात कॉफी घेताना सगळे एकमेकांना विचारायचे, शनिवार-रविवारी काय केलंस? कुणी तळ्याकाठी फिरून आलेलं असायचं, कुणी डोंगर चढून, कुणी नुसतं नदीवर. माझं उत्तर ठरलेलं असायचं. स्वयंपाक केला, घरी बोलले. पन्नाशीच्या एका सहकारी बाईंनी एकदा ते ऐकून घेतलं आणि कागदावर एक नाव लिहून दिलं. अल्टे पिनाकोथेक. रविवारी तिकीट फक्त एक युरो.

तिथून माझं खरं फिरणं सुरू झालं. जुन्या चित्रांचं हे संग्रहालय १८३६ साली उघडलं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा आत जाण्याआधी हिरवळीवरून इमारतीकडे बघत कितीतरी वेळ थांबले. लांबलचक देखणी भिंत, आणि तिच्या मधोमध सरळ उघड्या विटांचा एक मोठा पट्टा. नक्षी नाही, गिलावा नाही. दुसऱ्या महायुद्धात इथे बॉम्ब पडून भिंतीला भगदाड पडलं होतं. हान्स ड्योलगास्ट या वास्तुविशारदाने ते बुजवलं ते ढिगाऱ्यातल्याच विटा वापरून, आणि बुजवलेलं दिसेल असं. १९५७ साली इमारत पुन्हा उघडली. जवळ गेलं की विटांचे रंगही कमीजास्त दिसतात, काही पिवळट, काही काळपट. आमच्याकडे पुरानंतर घरांच्या भिंतींवर पाण्याची रेघ राहते, ती लोक रंग देऊन घालवतात. इथे ती रेघ मुद्दाम ठेवली आहे, असं मला वाटलं.

आत मी एक नियम केला. एका रविवारी एकच दालन. सगळं बघायला गेलं की काहीच बघून होत नाही, हे पहिल्याच फेरीत पायांनी सांगितलं. दुसऱ्या का तिसऱ्या रविवारी ड्यूरर या जर्मन चित्रकाराने काढलेलं स्वतःचं चित्र सापडलं. १५०० सालचं, त्याच्या वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षीचं. तसं त्याने चित्रातच लिहून ठेवलंय. थेट समोर बघणारा माणूस, खांद्यावर आलेले कुरळे केस, आणि उजव्या हाताची बोटं कोटाच्या फरच्या कॉलरवर. त्या फरचा केस न केस दिसतो. मीही तेव्हा अठ्ठावीसचीच होते. त्या हिवाळ्यात मी त्याला किती वेळा भेटले ते मोजलं नाही. तिथला बाक मऊ आहे, आत उबदार असतं, आणि एक युरोत दिवसभर कुणी उठवत नाही. नव्या गावात एकट्या माणसाला अशी जागा असणं म्हणजे काय, ते एकटं राहिल्यावरच कळतं.

मधल्या काळात नाताळाचे बाजार झाले, मराठी मंडळाची संक्रांत झाली. तिळगूळ मिळाला, भरपूर मराठी बोलायला मिळालं. पण मंडळ दोन-तीन महिन्यांतून एकदा भेटतं आणि रविवार दर आठवड्याला येतो.

एप्रिलच्या शेवटी ऊन पडलं आणि गावच बदललं. त्याच सहकारी बाई म्हणाल्या, रविवारी बीअरगार्टनला, म्हणजे झाडांखालच्या बीअरच्या बागेत चल, आणि येताना जेवण घेऊन ये. मी त्यांना दोनदा विचारलं. हॉटेलात जेवण घेऊन? मी बीअर पीत नाही, तरी चालेल? त्या म्हणाल्या, चालेल, आणि जेवण आणलंच पाहिजे.

बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत ही पाटी वाचत आपण लहानाचे मोठे झालो. त्यामुळे डब्यात काय भरावं हे मला ठरवता येईना. शेवटी थालीपिठं केली, शेंगदाण्याची चटणी घेतली आणि आईने पाठवलेलं भडंग. आमच्या सांगलीचं भडंग, लसूण आणि तिखट लावलेलं, कढीपत्ता घातलेलं. बारीक चिरलेला कांदा वेगळ्या डबीत आणि अर्धं लिंबू.

इंग्लिशर गार्टन या प्रचंड बागेत चिनी मनोऱ्याखाली ती जागा आहे. बाग १७८९ पासूनची, साधारण पावणेचारशे हेक्टर. मनोरा लाकडी, पंचवीस मीटर उंच. १९४४ साली तो जळाला आणि १९५२ साली पुन्हा उभा राहिला. भोवती सात हजार माणसं बसतील इतकी बाकं, वर चेस्टनटची झाडं, खाली खडी, आणि मनोऱ्याच्या पहिल्या मजल्यावर बसून पितळी वाद्यं वाजवणारी मंडळी. आमच्या गणपतीतल्या बँडची आठवण झाली.

सहकारी बाईंनी टोपलीतून चौकटींचं कापड काढून टेबलावर अंथरलं. मग लाकडी पाट, सुरी, पाव, ओबात्सदा नावाचं पेप्रिका घातलेलं चीज, आणि चक्क एक पांढरा मुळा. तो त्यांनी असा गोल गोल कापला की ओढल्यावर स्प्रिंगसारखा लांब झाला, वर मीठ भुरभुरलं आणि बाजूला ठेवून दिला. म्हणाल्या, त्याला आधी रडू दे. पाच मिनिटांत मुळ्याला पाणी सुटलं. मी पहिला तुकडा खाल्ला आणि मला आमच्या परड्यातला मुळा आठवला. मीठ लावून, पाणी पिळून आजी त्याची कोशिंबीर करायची.

मग त्यांनी मला नियम सांगितले. ज्या टेबलावर आधीपासून कापड आहे तिथे वेटर येतो, तिथे आपला डबा काढायचा नाही. उघडं लाकडी टेबल असेल तर डबा खुशाल उघडायचा. पेय मात्र तिथलंच घ्यायचं. मी आपफेलशोर्ले घेतलं, म्हणजे सफरचंदाचा रस आणि सोडा. रांगेत उभं राहायचं, पेल्याची अनामत रक्कम भरायची, पेला परत केला की ती परत मिळते. टेबल रिकामं मिळालं नाही तर जिथे जागा दिसेल तिथे जाऊन विचारायचं, ‘इस्त हिअर नोख फ्राय?’ इथे अजून जागा आहे का? नाही म्हणणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही. जर्मन भाषेतलं हे वाक्य मी सगळ्यात जास्त वेळा वापरलंय.

या डब्यामागे एक इतिहास आहे आणि तो मी तेव्हापासून येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. बव्हेरियात, म्हणजे म्युनिक ज्या प्रांतात आहे तिथे, १५३९ पासून उन्हाळ्यात बीअर गाळायला बंदी होती. उकळताना आगी लागायच्या, म्हणून २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर भट्ट्या बंद. मग वसंताआधी गाळलेली बीअर उन्हाळाभर टिकवायला जमिनीत तळघरं खणली. ती थंड राहावीत म्हणून वर दाट सावलीची चेस्टनटची झाडं लावली आणि खडी पसरली. चेस्टनटची मुळं फार खोल जात नाहीत, त्यामुळे तळघराच्या छताला धोका नव्हता. लोक त्या सावलीत येऊन बसायला लागले आणि गावातल्या खाणावळवाल्यांचं गिऱ्हाईक तुटलं. त्यांनी राजाकडे तक्रार नेली. मॅक्स योसेफ राजाने १८१२ साली निवाडा दिला, की तळघरवाल्यांनी बीअर विकावी आणि पाव विकावा, बाकी जेवण विकू नये. मग लोक जेवण घरून आणायला लागले. विकण्याची बंदी पुढे उठली, पण डबा आणायचा हक्क लोकांनी सोडला नाही. आज तो सरकारी नियमातच लिहिलेला आहे.

मी भडंगाचा डबा उघडला, कांदा घातला, लिंबू पिळलं. लसणीचा वास पसरला तशी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या म्हाताऱ्या जोडप्याने मान वळवली. मी डबा पुढे केला. आजोबांनी एक चमचाभर घेतलं, चावलं, डोळे मोठे केले आणि आजींना काहीतरी म्हणाले. आजींनी त्यांच्या पिशवीतून घरी केलेला प्लमचा केक काढून माझ्यासमोर ठेवला. माझं जर्मन तेव्हा जेमतेम होतं. तरी तासभर आम्ही बोललो. तो भात होता का, हे त्यांना समजावताना चुरमुऱ्याला शब्द सापडेना, मग मी तांदूळ भट्टीत कसा फुलतो ते हातांनी करून दाखवलं. त्या दिवशी घरी परतले तेव्हा साडेआठ वाजले होते आणि अजून उजेड होता. या गावात आल्यापासून त्या रात्री पहिल्यांदा मी घरी फोन केला तो सांगण्यासाठी केला, ऐकण्यासाठी नाही.

लगेच पुढे, २०२३ च्या मे महिन्यात, जर्मनीत ४९ युरोंचं मासिक तिकीट सुरू झालं. देशभरातल्या स्थानिक बस, ट्राम, मेट्रो आणि साध्या गाड्या त्यात चालतात, फक्त जलद लांब पल्ल्याच्या गाड्या नाहीत. २०२५ साली ते ५८ युरोंचं झालं. माझ्यासारख्या माणसासाठी या तिकिटाने रविवारचा नकाशाच बदलला. आधी प्रत्येक फेरीचा हिशोब करावा लागायचा. आता चुकीच्या गाडीत बसलं तरी पैसे वाया जाणार नव्हते.

आणि बसलेच. टेगर्नजेला निघाले होते. तळं सुंदर आहे, गाडी तासाभराची. मला माहीत नव्हतं, की डोंगरांकडे जाणारी ही गाडी वाटेत तुटते. होल्त्सकिर्खेनला काही डबे सुटून बायरिशझेलकडे जातात, उरलेली गाडी शाफ्टलाखला पुन्हा दोन भागांत वाटली जाते. प्रत्येक डब्यावर त्याचं गाव लिहिलेलं असतं, सूचनाही देतात, पण माझ्या कानात आईचा फोन होता. मी मिळेल त्या डब्यात चढले होते. खिडकीतून दिसणारी स्टेशनं यादीतल्या नावांशी जुळेनात तेव्हा समोरच्या बाईंना विचारलं. त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला आणि म्हणाल्या, श्लीअरजेला उतर, तेही तळंच आहे, आणि गर्दी कमी असते.

श्लीअरजेला मी पूर्ण फेरी घातली, दोन तास लागले. मध्ये झाडांनी भरलेलं एक छोटं बेट आहे. एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला गाईंची कुरणं. गाईंच्या गळ्यातल्या घंटांचा आवाज पाण्यावरून येत होता. एके ठिकाणी लाकडी फळ्यांचा धक्का पाण्यात गेला होता. त्यावर बसून डब्यातली गूळपोळी खाल्ली. पुढे टेगर्नजेही पाहिलं, हेर्शिंगहून चालत आन्डेक्सच्या मठापर्यंतही गेले. पण कुणी एकटीने पहिल्यांदा जाणार असेल तर मी श्लीअरजेचंच नाव सांगते. आणि सांगते, की चढण्याआधी डब्यावरचं नाव वाच.

२०२४ च्या जूनमध्ये आई-बाबा आले. येण्याच्या थोडं आधीच दक्षिण जर्मनीत मोठा पूर आला होता. बाबांनी तो सांगलीत टीव्हीवर पाहिला होता आणि फोनवर रोज विचारायचे, तुझ्या घरापासून नदी किती लांब आहे? २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या घरात कृष्णेचं पाणी छातीपर्यंत होतं. आमच्या घरात नदीबद्दलचा प्रश्न कधीच सहज म्हणून विचारला जात नाही.

म्हणून मी त्यांना पहिल्याच रविवारी इझार नदीवर नेलं, फ्लाउखरला. तिथे नदीचे फाटे फुटतात, मध्ये पांढऱ्या-करड्या गोट्यांची बेटं, वर लांब लाकडी पूल. लोक चादरी पसरून झोपलेले, पोरं पाण्यात, ठरवून दिलेल्या जागी शेगड्यांचा धूर. काही माणसं अंगावर काहीही न घालता ऊन खात असतात, हे मी आईला घरीच सांगून ठेवलं होतं. आईने एकदा पाहिलं आणि म्हणाली, ‘त्यांचं ऊन त्यांना, आपण तिकडं बसू.’ आणि पदर खोचून पाण्यात उतरली. पाणी आल्प्समधून येतं, जूनमध्येही बर्फासारखं असतं. तिने एक गोटा उचलला, तळहातावर फिरवला आणि पर्समध्ये टाकला.

बाबा बसले नाहीत. काठाने लांबपर्यंत चालत गेले, परत आले आणि विचारलं, ‘काठाला भिंत कशी नाही गं?’ मी सांगितलं, की होती. काँक्रीटने बांधलेला सरळ कालवा होता. २००० ते २०११ या काळात शहराच्या हद्दीतली आठ किलोमीटर नदी त्यातून सोडवली. पात्र रुंद केलं, काठ उतरते केले, गोटे पुन्हा पसरले, म्हणजे पाणी चढलं तर त्याला पसरायला जागा राहते. वरच्या बाजूला पुरासाठी धरण आहेच, ते १९५९ पासून. बाबा बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘म्हणजे नदीला तिची जागा परत दिली.’ आणि बूट काढून आईच्या शेजारी पाण्यात पाय सोडून बसले. हरिपूरला संगमावर बसायचे तसेच, हात मागे टेकून.

पुढचा रविवार चिनी मनोऱ्याखाली. आई पहाटे उठून थालीपिठं थापत होती. मी म्हटलं, आई, इतकी कशाला? तर म्हणाली, टेबलावर दुसरी माणसं असतात म्हणालीस ना. बाबांनी रांगेत उभं राहून स्वतः पेले आणले. ‘इस्त हिअर नोख फ्राय’ हे त्यांनी आदल्या दिवशी वहीत देवनागरीत लिहून पाठ केलं होतं, आणि मला बोलू न देता त्यांनीच विचारलं. शेजारी तीन मुलांचं एक कुटुंब होतं. आईच्या थालीपिठांतलं एकही परत आलं नाही. मुळा बघून ती मला म्हणाली, ‘पाला कुठं टाकतात गं हे? त्याची भाजी होते की.’ मी ते त्या कुटुंबातल्या बाईंना भाषांतर करून सांगितलं, आणि त्या बाईंनी खरोखर कागद मागून कृती लिहून घेतली. फोडणी या शब्दापाशी आम्ही तिघी खूप वेळ अडलो होतो.

ते ऑगस्टमध्ये परत गेले. आता रविवारी फोन लागला की बाबांचा पहिला प्रश्न असतो, ‘आज कुठं?’ मी नाव सांगते, ते नकाशावर शोधतात, मग गाडी कुठे तुटते ते विचारतात. परवाच्या रविवारी मी ऑफिसात नव्याने आलेल्या नागपूरच्या मुलीला घेऊन पिनाकोथेकला गेले होते. घरी आल्यावर फोन केला. बाबा म्हणाले, ‘चेस्टनटला पानं आली का?’

अजून नाहीत. कळ्या मोठ्या झाल्यात. बोट लावलं तर चिकटतात.